साडेतीनशे ग्रॅम प्रोपेन: एका भारतीय एसीचा प्रकरण अभ्यास

2012 साली विक्रोळीच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने एक स्प्लिट एसी बाजारात आणला. दिसायला चारचौघांसारखाच. आत भिंतीवर पांढरी पेटी, बाहेर खिडकीखाली आउटडोअर युनिट, मधून तांब्याच्या दोन नळ्या, विजेच्या लेबलवर पाच तारे. वेगळा होता तो नळ्यांतून फिरणारा गॅस. तो होता प्रोपेन. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्युटेनबरोबर असतो तोच, फक्त जास्त शुद्ध, कोरडा आणि बिनवासाचा. आमच्या धंद्यात त्याला आर-290 म्हणतात. घरगुती स्प्लिट एसीत प्रोपेन घालून तो बाजारात विकायला काढणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या कंपन्यांत ही मुंबईची कंपनी होती.

मी वीसेक वर्षं एसी दुरुस्तीत घालवली आणि आता याच कामाला येणाऱ्या मुलांना शिकवतो. त्यामुळे या प्रकरणाकडे मी कारखान्याच्या बाजूने बघत नाही, खिडकीच्या बाजूने बघतो. हा एसी तंत्र म्हणून चांगला होता, आजही आहे. तरी बाकीचा बाजार त्याच्यामागे गेला नाही. असं का झालं, हे मला मुलांना सांगावं लागतं, म्हणून ते एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

पेच

तेव्हा आपल्याकडे जवळपास प्रत्येक घरगुती एसीत आर-22 असायचा. माझ्या पिढीचे मेकॅनिक याच गॅसवर वाढले. त्याचे दोष दोन. तो ओझोनच्या थराला थोडा का होईना धक्का लावतो, म्हणून 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठरलेला होता. शिवाय तो हवा तापवतो. एक किलो आर-22 हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो 1810 किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

जगातल्या बहुतेक कंपन्यांनी त्याला पर्याय म्हणून आर-410ए घेतला. ओझोनला तो निर्धोक आहे. पण तापवण्याचा त्याचा आकडा 2088 आहे, म्हणजे आर-22 पेक्षाही वर. ओझोन वाचवायला घेतलेला गॅस तापमानवाढीत आधीच्याला मागे टाकणार, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. आज ना उद्या त्याच्यावरही बंधन येणार, हेही दिसत होतं. ते आलंच. 15 ऑक्टोबर 2016 रोजी रवांडातल्या किगालीत मॉन्ट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली, आणि भारताने तिला 2021 मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार भारताला 2028 मध्ये या जातीच्या गॅसांचा वापर आहे तिथे रोखायचा आहे, 2032 पासून तो उतरवत न्यायचा आहे आणि 2047 पर्यंत 85 टक्क्यांनी कमी करायचा आहे.

म्हणजे आर-410ए घेतला तर कारखाना आज बदलायचा आणि काही वर्षांनी पुन्हा बदलायचा. भारतीय कंपनीला हा दुहेरी खर्च झेपणारा नव्हता. एकदाच काय ती उडी मारू, असं तिने ठरवलं. या निर्णयाचं मला फार मोल वाटतं. जर्मनीच्या पर्यावरण मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय हवामान उपक्रमातून, जीआयझेड या संस्थेमार्फत, तिला तांत्रिक आणि आर्थिक मदत मिळाली.

आर-410ए ची आणखी एक गोष्ट आपल्या हवेला मानवत नाही, आणि ती ग्राहकाला कुणी सांगत नाही. प्रत्येक गॅसला एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी गॅसचा द्रव होत नाही, आणि द्रव झाल्याशिवाय आउटडोअर युनिट उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही. आर-410ए चं हे तापमान 71 अंशांच्या आसपास आहे, आर-22 चं 96, प्रोपेनचं जवळपास 97. आता चंद्रपूरचा मे महिना घ्या. बाहेर 45 अंश. उष्णता बाहेर ढकलायची तर नळीतला गॅस बाहेरच्या हवेपेक्षा पंधरा अंशांनी तरी गरम हवा, म्हणजे तो गेला 60 वर. गच्चीवर पश्चिमेच्या उन्हात युनिट असेल तर आणखी वर. आर-410ए तिथे धापा टाकायला लागतो. थंडावा घटतो, वीज वाढते, तीही नेमकी सगळ्यात जास्त गरज असते त्या दुपारी. प्रोपेनला तिथे अजून बरीच मोकळीक उरते. त्याचे रेणू या दोन्ही गॅसांपेक्षा हलके, तो नळ्यांतून सहज वाहतो, आणि कॉम्प्रेसरमधून बाहेर पडताना आर-22 पेक्षा कमी तापलेला असतो. तापवण्याचा त्याचा आकडा पूर्वी 3 धरत, आता नव्या हिशेबात तो 1 पेक्षाही कमी आहे.

इतकं सगळं त्याच्या बाजूने आहे. दोष एकच, तो पेट घेतो.

भीतीचा हिशेब

"खोलीत सिलिंडर लटकवून झोपायचं का?" हा प्रश्न मी दुकानांत विक्रेत्यांच्या तोंडून ऐकला आहे. प्रश्न टिंगलीचा नाही. त्याचं उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं.

दीड टनाच्या अशा मशीनमध्ये प्रोपेन असतो साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातलं लाल सिलिंडर 14.2 किलोचं, म्हणजे याच्या चाळीस पट. पण नुसत्या तुलनेवर मी थांबत नाही, कारण सिलिंडर स्वयंपाकघरात असतो आणि एसी बंद दाराच्या बेडरूममध्ये. म्हणून खोलीचा हिशेब मांडायचा. प्रोपेनला जाळ धरायचा तर एक घनमीटर हवेत त्याचे निदान 38 ग्रॅम असावे लागतात. 240 चौरस फुटांच्या, नऊ फूट उंच हॉलमध्ये हवा भरते साधारण 61 घनमीटर. सगळा साडेतीनशे ग्रॅम गॅस एकदम सुटून हवेत नीट मिसळला, तर घनमीटरला सहा ग्रॅमसुद्धा होत नाहीत. पेटण्याच्या मर्यादेच्या सहाव्या भागाइतकेच.

"नीट मिसळला तर" या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. प्रोपेन हवेपेक्षा जड. बंद खोलीत, पंखा थांबलेला असताना तो जमिनीलगत साचतो, आणि तिथे घनता बघता बघता वाढते. म्हणून सुरक्षिततेच्या मानकांत दोन गोष्टी मोजतात: खोलीचं क्षेत्रफळ आणि मशीन जमिनीपासून किती उंच आहे ते. उंचावरून पडणारा गॅस वाटेत हवेत मिसळत येतो, म्हणून भिंतीवरच्या मशीनला जमिनीवरच्या मशीनपेक्षा जास्त गॅसची मुभा मिळते. अनेक वर्षं जे सूत्र चाललं त्याने 240 फुटांच्या हॉलला बरोबर साडेतीनशे ग्रॅम बसतात. पण दहा बाय दहाच्या बेडरूमला? साधारण 230 ग्रॅम.

इथे मुंबई-पुण्याचा खरा पेच आहे. आपल्या बेडरूम दहा बाय दहाच्या, आणि वर गच्ची असेल तर लोक दीड टनच मागतात. म्हणजे इंजिनिअरला एकीकडे कमी गॅसमध्ये जास्त थंडावा काढायचा, त्यासाठी कॉइलच्या नळ्या बारीक करायच्या, आतली रिकामी जागा कमी करायची. दुसरीकडे दुकानदाराला ग्राहकाला विचारायला लावायचं की खोली किती बाय किती. चांगला दुकानदार टनाच्या हिशेबासाठी हा प्रश्न आधीपासून विचारतोच. प्रोपेनच्या मशीनला मात्र तो चुकवून चालत नाही.

2022 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने आपलं मानक सुधारलं. गळती ओळखून पंखा सुरू करणं, गळणाऱ्या गॅसचं प्रमाण मर्यादित ठेवणं अशा अटी पाळल्या तर प्रोपेनची मर्यादा आता 988 ग्रॅमपर्यंत जाते. हे दार दहा वर्षं आधी उघडलं असतं तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

जाळाची भीती खोटी नाही, हेही मी वर्गात सांगतो. 5 एप्रिल 2008 रोजी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ तामाहेरे इथल्या एका शीतगृहात स्फोट झाला. अलार्म वाजला म्हणून तपासायला गेलेल्या अग्निशमन दलाचा एक जवान मरण पावला, सात जण भाजले. तिथे शेकडो किलो प्रोपेनचा गॅस होता. त्याला वास नव्हता आणि गळती ओळखणारं यंत्र बसवलेलं नव्हतं. घरातल्या एसीशी या प्रमाणाची तुलना होत नाही. पण बिनवासाच्या गॅसबद्दलचा धडा तोच आहे. सिलिंडरच्या गॅसला जो उग्र वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, आणि एसीतल्या प्रोपेनला तो नसतो. नाकावर भरवसा ठेवून काम करायची आपल्याला सवय आहे. इथे नाक उपयोगाचं नाही.

फ्रिजमध्ये हे आधीच झालं होतं

जळणारा गॅस घरात ठेवायची आपल्याला मुळीच सवय नव्हती असं नाही. 1992-93 मध्ये ग्रीनपीसने पूर्व जर्मनीतल्या शार्फेनस्टाइनच्या कारखान्याला हाताशी धरून हायड्रोकार्बनवर चालणारा फ्रिज करून दाखवला. त्याच दशकात स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या मदतीने भारतात इकोफ्रिज प्रकल्प चालला, आणि त्यात गोदरेज होती. आज तुमच्या घरातला फ्रिज नवा असेल तर मागच्या कॉम्प्रेसरवर आर-600ए लिहिलेलं सापडेल. ते आयसोब्युटेन आहे, तेही जळणारंच. आपण त्याच्याशेजारी गॅसची शेगडी पेटवतो आणि कुणाला काही वाटत नाही.

मग एसीलाच इतकं जड का गेलं? फ्रिजमध्ये गॅस कमी असतो हे खरं, पण मोठा फरक दुसराच आहे. फ्रिज कारखान्यातून सीलबंद येतो. तो भिंतीला टेकवून प्लग लावला की काम संपलं. स्प्लिट एसी मात्र अर्धवट येतो. आतली पेटी आणि बाहेरचं युनिट यांना जोडणाऱ्या नळीचा शेवटचा जोड ग्राहकाच्या खिडकीत, शिडीवर उभं राहून, माणूस हाताने करतो. कारखान्यात गळती शोधायची यंत्रं असतात, गॅस ओळखणारे सेन्सर असतात, हवा खेचून घेणारे पंखे असतात. खिडकीत पाना असतो, नळीचं तोंड फुलवून जोड करायचं फ्लेअरिंग टूल असतं आणि घाईत असलेला माणूस असतो.

कंपनीने हे ओळखलं होतं. आपल्या माणसांना वेगळं प्रशिक्षण देऊन मगच तिने ही मशीन त्यांच्या हाती दिली. पण एसी एकाच घरात, एकाच भिंतीवर जन्मभर राहत नाही.

तिसरा मजला

काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात पुण्यातल्या एका सोसायटीत माझ्याकडे शिकून गेलेला एक मुलगा कामावर होता. त्याचा फोन आला की गळती सापडली आहे, पण ती अडचणीच्या जागी आहे, येता का. जवळच होतो, म्हणून गेलो. घर एका निवृत्त बाईंचं. वर्षापूर्वी त्या भाड्याच्या घरातून इथे आल्या, तेव्हा ओळखीच्या कुणाकडून एसी काढून इथे बसवून घेतला होता. तेव्हापासून थंडावा कमी. मध्यंतरी दुसरा एक जण येऊन "गॅस भरून" गेला होता.

"अहो दादा, पुन्हा गॅस संपला म्हणे. भरून टाका म्हणजे झालं," मावशी मला म्हणाल्या.

मुलगा खिडकीत ग्रिलबाहेर अर्धा वाकलेला. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे फ्लेअर नटाच्या मागे, नळीच्या मानेशी येत होते. बसवताना नट जास्त आवळला गेला होता आणि तांब्याला केसाएवढा तडा गेला होता. त्याच्या पायाशी ज्योतीची हँड टॉर्च, ब्रेझिंगची, म्हणजे धातू वितळवून सांधा बुजवायची, कांडी, आणि हातात लायटर. तिथल्या तिथे तडा बुजवून टाकायच्या विचारात होता.

"थांब. आधी स्टिकर वाच."

युनिटच्या बाजूला धुळीने माखलेला पिवळा त्रिकोण होता. त्याने अंगठ्याने पुसला. आत ज्वाळेचं चित्र, खाली आर-290.

त्याचा चेहरा उतरला. "सर, मीटरला तर बावीसच वाटला."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. त्याची चूक समजून घेण्यासारखी होती. दोन्ही गॅसांचे दाब जवळजवळ सारखे आहेत. कॉइल 5 अंशांवर असताना आर-22 चा दाब मीटरवर 70 पाउंडांच्या आसपास दिसतो आणि प्रोपेनचा 65. घरोघरी जाऊन काम करणारा माणूस "साठ-पासष्ट आले की झालं" या हिशेबाने गॅस भरतो. त्या मीटरला हा फरक कळत नाही. वास येत नाही. नळ्या त्याच, आवाज तोच. सावध करणारं एकच होतं, तो धुळीने झाकलेला चार बोटांचा स्टिकर.

आधीच्या माणसाने किती भरलं होतं ते कळायला मार्ग नव्हता. भरला तो मीटर बघून, वजन करून नाही. आर-22 च्या मशीनमध्ये सातआठशे ग्रॅम गॅस मावतो. त्यात पन्नास ग्रॅम इकडेतिकडे झाले तर फारसं बिघडत नाही. साडेतीनशे ग्रॅमच्या मशीनमध्ये पन्नास ग्रॅम म्हणजे सातवा भाग. थंडावा बिघडतो, वीज वाढते, आणि पाच ताऱ्यांचं मशीन तीन ताऱ्यांसारखं चालायला लागतं. "प्रोपेनचे एसी नीट चालत नाहीत" अशी जी कुजबुज मी बाजारात ऐकली आहे, तिच्यातला बराच भाग अशा मीटरवर भरलेल्या मशीनचा असावा, असं माझं मत आहे.

मग आम्ही काम सुरुवातीपासून केलं. आधी एमसीबी, म्हणजे विजेचा स्विच, पाडला, दारं-खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघरातली शेगडी बंद करून घेतली. पंप डाऊन, म्हणजे कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून कोंडणं, करायचा नाही हे त्याला आठवत होतं. गळती असताना पंप डाऊन केला तर हवा आत ओढली जाते, आणि जळणारा गॅस व हवा एकत्र दाबणं म्हणजे संकटाला बोलावणं. उरलेला गॅस लांब होजने बाहेर मोकळ्या हवेत, खाली कुणाची उघडी खिडकी नाही असं बघून, हळूहळू सोडला. आर-22 असता तर असं सोडणं मी कधीच करू दिलं नसतं. साडेतीनशे ग्रॅम प्रोपेन हवेत जाणं म्हणजे हवामानाच्या जुन्या हिशेबानेही फार तर एक किलो कार्बन डायऑक्साइड.

मग नायट्रोजनने नळी धुतली. नळी रिकामी झाली तरी कॉम्प्रेसरच्या तेलात प्रोपेन विरघळलेला राहतो आणि गरम होताच बाहेर येतो. टॉर्च पेटवणाऱ्याला नेमका तोच भाजतो. आम्हाला टॉर्च लागलाच नाही. कटरने तडा गेलेला तुकडा कापला, कडेचा चुरा काढला, नवा फ्लेअर घातला, नट मोजून आवळला. नायट्रोजन भरून दाब धरतोय का ते अर्धा तास पाहिलं. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. मग व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा काढून घेणं, आणि शेवटी छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बाटली ठेवून नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम मोजून आत सोडले. काट्यावरचा आकडा एकेक ग्रॅमने उतरत होता आणि तो मुलगा श्वास रोखून बघत होता.

पावणेतीन तास गेले. मीटरवर गॅस भरणाऱ्याला वीस मिनिटं लागतात.

बाकीचे का आले नाहीत

मोठं कारण आर-32. जपानच्या डायकिन कंपनीने 2012 मध्ये आर-32 वरचा एसी काढला आणि पुढच्याच वर्षी तो भारतात आला. त्याआधी 2011 मध्येच तिने या गॅसशी संबंधित आपली 93 पेटंट विकसनशील देशांना फुकट वापरायला खुली केली होती. आर-32 चा आकडा 675, म्हणजे आर-410ए च्या एक तृतीयांश. तोही जळतो, पण मोठ्या कष्टाने, आणि ज्योत पसरते सावकाश. त्याचे कॉम्प्रेसर सहज मिळू लागले, खोलीच्या मापाची कटकट राहिली नाही, दुकानदाराला सिलिंडरच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं नाही. त्यात इन्व्हर्टर आला आणि आर-32 च्या मशीनला पाच तारे मिळायला लागले. आज देशात दरवर्षी कोटीहून अधिक एसी विकले जातात आणि त्यांतल्या बहुतेकांत आर-32 असतो. गोदरेजनेही पुढे आर-32 ची मॉडेलं काढली. मी त्याबद्दल तिला दोष देत नाही. एकट्या कंपनीने बाजाराविरुद्ध किती वर्षं पोहायचं?

ग्राहकालाही कसा दोष देणार? लेबलवरचे तारे विजेचे असतात, गॅसचे नसतात. दोन्ही मशीनवर पाच तारे दिसले तर माणूस स्वस्त आणि बिनधास्त वाटेल ते घेणार.

गॅसमुळे नेमका किती फरक पडतो, हे मी अतिशयोक्ती न करता मांडतो. दीड टनाचं चांगलं मशीन लेबलच्या 1600 तासांच्या हिशेबाने वर्षाला 750 ते 1000 युनिट खातं. आपली वीज अजून बरीचशी कोळशावरची, युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे दहा वर्षांत विजेपोटी पाच ते सात टन. आर-410ए चा सव्वा किलो गॅस एकदा गळाला तर अडीच टन. आपल्याकडे एसीत गॅस एकदाच भरला जात नाही, हे कोणीही मेकॅनिक सांगेल. आर-32 चे आठशे ग्रॅम गळाले तर अर्धा टन. प्रोपेन गळाला तर फार तर एक किलो. म्हणजे आर-32 ने निम्म्याहून जास्त वाट चालून दिली, आणि विजेचा खर्च अजूनही सगळ्यात मोठा आहे. पण अर्धा टन एका मशीनचा. वर्षाला विकल्या जाणाऱ्या एक कोटी मशीनचा गॅस आयुष्यात एकदाच सुटला, तरी ते पन्नास लाख टनांच्या वर जातं.

गॅस आणि वीज दोन्हींवर एकत्र उत्तर शोधायचा मोठा प्रयत्नही आपल्याच अंगणात झाला. 2018 मध्ये दिल्लीत ग्लोबल कूलिंग प्राइझ जाहीर झालं. केंद्राचा विज्ञान आणि तंत्रज्ञान विभाग त्यात होता. अट अशी की नेहमीच्या एसीपेक्षा हवामानावरचा भार पाच पटींनी कमी हवा आणि किंमत दुपटीपेक्षा जास्त नको. अंतिम आठ संघांत गोदरेज होती, ए.टी.ई. या कंपनीबरोबर. नमुने डोंबिवलीजवळ पलावातल्या फ्लॅटमध्ये आणि अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तपासले गेले. एप्रिल 2021 मध्ये चीनची ग्री आणि जपानची डायकिन या दोन कंपन्यांचे संघ जिंकले. डोंबिवलीच्या दमट हवेत परीक्षा झाली हे मला फार बरं वाटलं. एसीला नुसतं तापमान उतरवायचं नसतं, हवेतलं पाणीही काढायचं असतं. कोकणपट्टीतल्या घरात वीज खाणारं बरंचसं काम तेच असतं.

दरम्यान युरोपने वेळापत्रकच बदललं. 2024 च्या नव्या नियमानुसार तिथे 2029 पासून छोट्या स्प्लिट एसीत 150 किंवा त्याहून अधिक आकड्याचा गॅस चालणार नाही. म्हणजे आर-32 तिथून बाहेर. प्रोपेनचं मशीन करता येणारे कारखाने तेव्हा सगळ्यांना हवे असतील, आणि आपल्याकडे ते काम 2012 पासून येतं.

कारखान्याचा प्रश्न त्यामुळे मला फारसा वाटत नाही. मार्च 2019 च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट लिहिलेलं आहे. ते त्या आराखड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, असं मी मानतो. पण प्रशिक्षण घेतलेला मुलगा बाजारात जातो तेव्हा त्याला भेटतो तो बाजाराचा दर. ग्राहक पैसे देतो ते गॅसचे. नायट्रोजनचे नाहीत, व्हॅक्यूमचे नाहीत, वजन करण्याचे तर नाहीतच. त्यात प्रोपेन पडतो स्वस्त आणि लागतो थोडा. मग काळजीपूर्वक काम करणाऱ्याच्या हाती उरतं सगळ्यात कमी. कंपन्यांनी नळी जोडायची आणि मशीन हलवायची सेवा वॉरंटीनंतरही आपल्याच प्रशिक्षित माणसांकडून, ठरलेल्या दरात द्यावी, आणि बिलात गॅसऐवजी कामाचे तास लिहावेत, असं मी अनेक बैठकांत सांगितलं आहे.

त्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर त्या मुलाने बिलबुक काढलं. त्यात दोनच ओळी छापलेल्या होत्या, "सर्व्हिस" आणि "गॅस". पेन हातात धरून तो माझ्याकडे बघत राहिला. "सर, वजन करून भरल्याचे कुठे लिहू?"

"जे केलंस ते लिही," मी म्हटलं.

त्याने "गॅस" या शब्दावर रेघ मारली आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: जुना गॅस बाहेर सोडणे, नायट्रोजन, नळी कापून नवा फ्लेअर, दाब चाचणी, व्हॅक्यूम, वजन करून भरणे, पावणेतीन तास. पुढे रक्कम. मावशींनी चष्मा लावून ते सगळं ओळीने वाचलं.

"हे एवढं सगळं करायचं असतं?" त्या म्हणाल्या. "मग तो आधीचा वीस मिनिटांत कसा गेला हो?"